काकीला गावातल्या घरीच ठेवायचं ठरवलं तेव्हा

माझी काकी ८१ वर्षांची आहे, गोव्यात डिचोली तालुक्यात साखळीच्या जवळ एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, स्वतःच्या घरात एकटी राहते. काका पोस्टात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आम्ही पुतणेच तिचे. मी पर्वरीला असते, भाऊ बेंगलोरला. गेल्या पावसाळ्यात मागच्या पडवीत पाय घसरून ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि तिथून पुढे तिला परत गावात कशी ठेवायची, कोण बघणार, सरकारचं काय मिळतं, गावातलं कोण काय करू शकतं, हे सगळं शोधत शोधत उभं करावं लागलं. तेच लिहितेय, कारण मला ही माहिती कुठेच एका जागी मिळाली नाही आणि आज गोव्यात वाड्यावाड्यावर अशी घरं आहेत जिथे फक्त एक म्हातारं माणूस आहे आणि पोरं पुण्याला, दुबईला नाहीतर लंडनला आहेत.

भावाचं सुरुवातीला म्हणणं होतं की वृद्धाश्रम बघूया. त्यात वाईट काही नाही, आपल्याकडे प्रोव्हेदोरियाचे वृद्धाश्रम गोव्यात बऱ्याच ठिकाणी आहेत, पोर्तुगीज काळापासूनची सरकारी संस्था आहे, ज्यांना खरंच कोणी नाही त्यांना तिथे आधार मिळतो. पण काकीला विचारलं तर ती म्हणाली, माझी तुळस, माझा देव्हारा आणि माझी शेजारीण इथे आहे, मला इथेच ठेवा. तिचं डोकं एकदम शाबूत आहे, हिशोब तोंडी करते, मग तिच्या राहण्याचा निर्णय आपण कोण घेणार. पर्वरीला माझ्याकडे थोडे दिवस आणली होती ती पण फ्लॅटमध्ये दार बंद करून बसायची सवय नाही तिला, नुसती गॅलरीत बसून रस्त्याकडे बघत राहायची. तेव्हा ठरलं की घरीच.

डिस्चार्जच्या वेळी एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करावी असं मला वाटतं. डिस्चार्ज पेपरच्या झेरॉक्स काढल्या आणि त्यातली एक गावाला लागतं त्या हेल्थ सेंटरमध्ये नेऊन दिली, डॉक्टरांना भेटून सांगितलं की पेशंट एकटी आहे, वय अमुक, ऑपरेशन तमुक, टाके अमुक तारखेला काढायचे. त्यांनी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि नर्सबाई घरी यायला लागल्या. बीपी बघायच्या, जखम बघायच्या, गोळ्यांचा डबा उघडून मोजायच्या की खाल्ल्या की नाही. कोणाला आपणहून कळणार नव्हतं की वाड्यावरच्या त्या घरात ऑपरेशन झालेली बाई आहे, बांबोळीहून गावच्या हेल्थ सेंटरला निरोप जाईल असं धरून बसू नका, कागद आपण न्यायचा.

घरात मात्र खरी कसरत झाली. आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, खोल्यांना उंच उंबरठे, आणि संडास बाथरूम मागच्या बाजूला पडवी ओलांडून. झोपायच्या खोलीतून तिथे जायचं तर तीन उंबरठे लागतात, आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला उंबरठा म्हणजे काय असतं ते तिथे उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. वॉकर आधी उचलून पलीकडे ठेवायचा, मग दुखरा पाय उचलायचा, त्या एका क्षणाला सगळा तोल हातावर. गावातल्या सुताराला बोलावलं, त्याने प्रत्येक उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी फळीचा उतार करून दिला, वर खरखरीत रबराची पट्टी मारली, उंबरठा तसाच राहिला कारण काकी म्हणाली उंबरठा काढायचा नाही, त्यावर रांगोळी असते. बाथरूममध्ये भिंतीला स्टीलचे दांडे लावले, एक संडासाच्या बाजूला आणि एक नळाच्या. खुब्याचा बॉल बदलल्यावर खाली मांडी घालून बसायचं नाही, पाय पायावर टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, त्यामुळे देवपूजा आता उंच स्टुलावर बसून आणि देव्हारा पण टेबलावर उचलून ठेवला. आणि वॉकरची उंची. हात सरळ खाली सोडले की मनगट जिथे येतं तिथे वॉकरची मूठ यायला पाहिजे, त्याच्या पायांना बटणं असतात ती दाबून कमीजास्त करता येतं, हे फिजिओथेरपीच्या मुलीने दाखवलं. त्याच्या आधी काकी जवळजवळ वाकूनच चालत होती आणि पाठ दुखते म्हणत होती.

वॉकर विकत घ्यावा लागला नाही. गावच्या युवक मंडळाच्या खोलीत एक व्हीलचेअर, दोन वॉकर, एक कमोडची खुर्ची ठेवलेली आहे, कोणाकोणाच्या घरी वापरून झाल्यावर लोकांनी दिलेली. वहीत नाव लिहायचं आणि घेऊन यायचं, काम झालं की धुवून परत. मला वाटतं प्रत्येक गावात हे पाहिजे, याला ना सरकारी फंड लागतो ना मोठी मीटिंग, एक कपाट आणि एक वही लागते. किती घरांत माळ्यावर अशा खुर्च्या धूळ खात पडल्या असतील.

सरकारची पण योजना आहे या वस्तूंसाठी, राष्ट्रीय वयोश्री योजना, २०१७ पासून चालू आहे, ६० वर्षांवरच्या लोकांना काठी, वॉकर, कानाचं मशीन, चष्मा, कवळी, व्हीलचेअर असं फुकट मिळतं, पण बीपीएल असायला पाहिजे किंवा महिन्याचं उत्पन्न १५,००० पर्यंत. त्याचे कॅम्प लागतात, आधी तपासणीचा कॅम्प आणि वाटपाचा नंतर वेगळा. आज पडलं आणि उद्या पाहिजे त्याला ते उपयोगाचं नाही, पण कानाच्या मशीनसाठी वगैरे नक्की नाव द्यावं. शेजारच्या माईंचं नाव आम्ही दिलं.

या माईंबद्दल पण सांगायला पाहिजे कारण माझी अर्धी धावपळ काकीची आणि अर्धी माईंची झाली. माई ७४ वर्षांच्या, नवरा नाही, मुलगा मुंबईला असतो आणि फारसा येत नाही. काकीला सकाळी चहा करून देणं, रात्री सोबतीला झोपायला येणं हे माईच करतात. त्यांचं सगळं चालतं ते दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या पैशावर, महिन्याला २,००० रुपये, आणि थोडंफार परसातल्या भाजीवर. ही योजना गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाने आहे हे सगळ्यांना माहीत असतंच, ६० वर्षं पूर्ण आणि गोव्यात १५ वर्षांचा रहिवास लागतो, उत्पन्नाची अट पण आहे. पण दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो राहिला की पैसे थांबतात. माईंचे थांबले होते. बँकेत जायच्या, पासबुक भरून घ्यायच्या, एंट्री नाही, परत यायच्या आणि कोणाला काही बोलायच्या नाहीत. मला तर कळलं ते काकीमुळे, ती म्हणाली माई हल्ली मासळी घेत नाही, विचार जरा तिला.

तेव्हा पहिल्यांदा १४५६७ ला फोन लावला. ही एल्डरलाइन, ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, पैसे लागत नाहीत. समोरची मुलगी नीट बोलली, घाई केली नाही, माईंशी पण बोलली, कोणत्या खात्यात जायचं आणि काय काय कागद लागतील ते सांगितलं. ती माईंना हे पण म्हणाली की आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे, मुलगा बघत नसेल तर ट्रायब्युनलकडे साध्या अर्जावर महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत खर्च मागता येतो, वकील लागत नाही. माईंनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "कित्याक गो बाय, पोटच्या पोराक कोर्टात ओढूं?" मी विषय तिथेच सोडला. तो कायदा चांगला आहे, ज्यांना पाहिजे त्यांनी जरूर वापरावा, पण आमच्या माई तो वापरणार नाहीत आणि त्यांच्यावर ते ढकलायचा मला हक्क नाही. माझ्यासारख्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं, मूलबाळ नसलेल्या माणसाची इस्टेट ज्या नातेवाईकाकडे आहे किंवा पुढे जाणार आहे त्याच्यावर पण या कायद्याने जबाबदारी येते. म्हणजे काकीच्या घरावर उद्या आमचं नाव लागणार असेल तर आज तिला बघणं हे उपकार नाहीत, ती जबाबदारी आहे. हे मी भावाला फोनवर सांगितलं आणि त्यालाही ते पटलं, तेव्हापासून टिफिनचे आणि कामवालीचे पैसे तो पाठवतो.

माईंचं काम शेवटी पंचायतीत झालं. स्वयंपूर्ण गोवा कार्यक्रम २०२० मध्ये चालू झाला त्यात प्रत्येक पंचायतीला एक सरकारी अधिकारी स्वयंपूर्ण मित्र म्हणून नेमलेला असतो, तो ठरलेल्या दिवशी पंचायतीत येऊन बसतो. आमच्या पंचायतीत येतात त्यांनी माईंचा फॉर्म स्वतः भरला, आधार आणि पासबुकची झेरॉक्स घेतली, सही घेतली आणि काय झालं ते मला नंतर फोन करून कळवलं. पणजीला एकदाही जावं लागलं नाही. पैसे परत चालू झाले त्या दिवशी माईंनी खतखतं करून आम्हाला जेवायला बोलावलं.

त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड पण तेव्हाच काढलं. ७० वर्षांच्या वर कोणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही, २९ ऑक्टोबर २०२४ ला चालू झालं, वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलात भरती होऊन होणारे उपचार, आधीपासूनचा आजार असला तरी चालतो. मोबाईलवर आयुष्मान अॅप घालायचं, आधार नंबर, ओटीपी, माणसाचा चेहरा फोनसमोर धरायचा, एवढंच. पण ते यादीतल्या हॉस्पिटलांतच चालतं आणि ओपीडीला किंवा रोजच्या औषधांना चालत नाही, हे म्हाताऱ्या माणसांना नीट समजावून सांगायला पाहिजे नाहीतर कार्ड घेऊन फार्मसीत जाऊन उभी राहतात. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड घरात असेल तर ते पण सांभाळून ठेवा.

आता पेन्शनचं, हा सगळ्यात मोठा अध्याय.

काकीला काकांच्या मागे केंद्र सरकारची फॅमिली पेन्शन मिळते, ती बँकेत येते. मी तिचे कागद चाळत होते तेव्हा सहज वाचनात आलं की वय ८० पूर्ण झालं की पेन्शन आणि फॅमिली पेन्शन दोन्हीत २० टक्के वाढ मिळते, आणि ज्या महिन्यात ८० पूर्ण होतात त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. काकीचे ८० आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पूर्ण झालेले, वाढ काही लागलेली नव्हती. का, तर पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, काकांची जन्मतारीख आहे, काकीची नाहीच. जुन्या पीपीओंमध्ये बायकोची जन्मतारीख लिहिलेलीच नसायची, त्यामुळे ती ८० ची झाली की ९० ची झाली हे बँकेच्या कॉम्प्युटरला कळणार कसं. तुमच्या घरात कोणाला फॅमिली पेन्शन असेल तर आजच पीपीओ काढून बघा त्यावर जन्मतारीख आहे का.

मग पुरावा शोधायचा. आधारवर तारीख होती १ जानेवारी १९४५, म्हणजे आधार काढताना तारीख माहीत नाही म्हणून टाकलेली, आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांची १ जानेवारीच आहे. खरी जन्मनोंद १९४४ ची, पोर्तुगीज काळातली, काकीच्या ट्रंकेत नोंदीचा उतारा होता, पोर्तुगीजमध्ये लिहिलेला, त्यावर तिचं माहेरचं नाव, आणि आपल्याकडे लग्नात नाव बदलायचे त्यामुळे आधारवरचं नाव आणि जन्मनोंदीतलं नाव यांचा काही संबंधच लागेना. सुटका झाली ती लग्नाच्या नोंदीने. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवायची पद्धत पोर्तुगीजांच्या वेळेपासून आहे, तिच्या लग्नाची नोंद सापडली, त्यात तिचं माहेरचं नाव, आईवडिलांची नावं, काकांचं नाव, सगळं होतं. दोन्ही उतारे नव्याने काढले, वर प्रतिज्ञापत्र जोडलं की या दोन्ही नावांची व्यक्ती एकच, मग आधारवरची तारीख दुरुस्त केली आणि ते सगळं जोडून पेन्शनसाठी अर्ज दिला.

अर्ज द्यायला गेले त्या बँकेच्या शाखेत मला सांगितलं की पेन्शनर स्वतः आली पाहिजे, सही आमच्यासमोर झाली पाहिजे. मी म्हणलं ती ८१ वर्षांची आहे, खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकरवर आहे, बँक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. तर म्हणाले रिक्षा करून आणा, आम्ही खाली येऊन बघू. म्हणजे तिने पावसात रिक्षात बसून राहायचं आणि रस्त्यावर सही करायची. मला फार वाईट वाटलं ते ऐकून, राग पण आला, ज्या माणसाचे पैसे तुमच्याकडे एवढी वर्षं आहेत त्याच्याशी असं वागायचं? मग मी शांतपणे सांगितलं की रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ ला सगळ्या बँकांना सांगितलेलं आहे, ७० वर्षांवरच्या आणि आजारी, अपंग लोकांना घरपोच बँकिंग द्यायचं, पैसे आणून देणं, चेक घेऊन जाणं, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरी येऊन घेणं, हे सगळं त्यात आहे. लेखी अर्ज दिला, त्यात हे सगळं लिहिलं, पोच म्हणून दुसऱ्या कॉपीवर शिक्का मागून घेतला. शिक्का मारताना माणसं जरा विचार करतात. काही दिवसांनी एक तरुण ऑफिसर घरी आला, चप्पल काढून सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसला, काकीला आज्जी आज्जी करत सह्या घेतल्या, वर तिचा अंगठा पण घेतला आणि सोलकढी पिऊन गेला. माणूस चांगला होता. त्याला कोणी आधी पाठवलंच नव्हतं.

वाढीव पेन्शन काही महिन्यांनी लागली, मागची थकबाकी पण एकरकमी आली. काकीने त्यातून घराची कौलं शाकारून घेतली.

हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये असतो पण ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दीच्या आधी. आम्ही तो पोस्टमनकडून केला. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सोय आहे, पोस्टमन घरी येतो, ७० रुपये घेतो आणि जीवन प्रमाण म्हणजे डिजिटल दाखला तिथल्या तिथे होतो. गावच्या पोस्टात सांगून ठेवलं होतं. पोस्टमन आला तो काकांचं नाव ऐकून असलेला, काकीला नमस्कार केला. आधी बोटाचं मशीन लावलं, ते घेईना, आयुष्यभर शेतात आणि चुलीवर काम केलेली बोटं, रेषा झिजल्यात, एक एक करून सगळी बोटं झाली तरी नाही. मग म्हणाला चेहऱ्याने करूया, आता चेहरा स्कॅन होतो. आतल्या खोलीत अंधार म्हणून होईना. काकीला वॉकरने सोप्यावर आणली, उजेडाकडे तोंड करून बसवली, चष्मा काढला, डोक्यावरचा पदर मागे केला, फोन समोर धरून तो म्हणाला आज्जी डोळे मिटा आणि उघडा, परत मिटा आणि उघडा, आणि फोनवर हिरवा गोल आला. काकीने विचारलं, झालं, मी जिवंत आहे म्हणून लिहिलं? तो म्हणाला लिहिलं आज्जी, पुढच्या वर्षी परत येतो. मेसेजमध्ये प्रमाण आयडी आला. तो आयडी वहीत लिहून ठेवा आणि थोड्या दिवसांनी जीवन प्रमाणच्या साइटवर बघा की बँकेने दाखला स्वीकारला का, कारण पीपीओ नंबर किंवा खाते नंबर चुकला तर तो नाकारला जातो आणि आपल्याला वाटत राहतं की झालं.

हे सगळं करताना मला एक गोष्ट ठळक दिसली. जी सेवा दारात आली ती लागू पडली, नर्सबाई, पोस्टमन, तो बँकेतला मुलगा. जिथे म्हाताऱ्या माणसालाच खेपा घालायला लावल्या ते काम अडलं, आणि त्यात सगळ्यात वाईट म्हणजे म्हातारं माणूस त्याबद्दल बोलत नाही, माईंसारखं गप्प बसतं आणि मासळी घेणं बंद करतं. योजना कागदावर आहे म्हणून ती पोचली असं होत नाही.

रोजचं जेवण गावातल्या सेल्फ हेल्प ग्रुपच्या बायकांकडून येतं. दुपारी एक डबा, शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, एक भाजी, सोमवारी शिवराक म्हणजे शाकाहारी. तोच काकी दुपारी अर्धा आणि रात्री अर्धा खाते. सुरुवातीला त्यातल्या एक ताई म्हणाल्या काकीचे कसले पैसे घ्यायचे, पण मी पैसे द्यायचं लावून धरलं. फुकटची मदत चार दिवस होते, मग कोणाचं तरी लग्न येतं, कोणाची सून बाळंत होते आणि डबा राहतो. पैसे दिले की तो त्यांचा धंदा होतो, नाही जमणार तर आदल्या दिवशी फोन येतो. त्यांनाही हातात चार पैसे, काकीलाही कोणाचे उपकार घेतल्यासारखं वाटत नाही. डबा घेऊन येणारी मुलगी दहा मिनिटं बसते, शाळेतल्या गोष्टी सांगते, काकी तिला पाढे विचारते.

आणि पोदेर, म्हणजे पाववाला. तो सकाळी सायकलवर हॉर्न वाजवत येतो हे सगळ्या गोव्यात आहे. काकी रात्रीच गेटला कापडी पिशवी अडकवून ठेवायची, त्यात सुटे पैसे, तो पाव ठेवून जायचा. मी त्यात एक बदल केला, म्हणलं पिशवी रात्री लावायची नाही, सकाळी उठल्यावर काकीने स्वतः सोप्यापर्यंत चालत येऊन खिडकीच्या गजाला लावायची, म्हणजे तिचं चालणंही होतं. आणि पोदेराला सांगितलं की पिशवी दिसली नाही तर हाक मार, उत्तर आलं नाही तर माईंना सांग आणि मला फोन लाव. त्याने माझा नंबर सायकलच्या टोपलीला आतून चिकटवून ठेवलाय. डिसेंबरमध्ये माई एका लग्नाला गेल्या होत्या त्या रात्री काकीला ताप भरला आणि सकाळी तिला उठता आलं नाही. पिशवी नाही, हाकेला ओ नाही. त्याने मला फोन केला, खिडकीतून बघितलं तर ती खाटेवर होती, डोळे उघडे पण बोलत नव्हती. मी १०८ लावला, मागच्या दाराची चावी शेजारी दुसऱ्या घरात ठेवलेली होती ती त्याने आणून दार उघडलं आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिथेच थांबला, सगळा पाव त्या दिवशी उशिरा गेला लोकांकडे. लघवीचं इन्फेक्शन निघालं, म्हाताऱ्या माणसांना त्यात असं भ्रमल्यासारखं होतं म्हणाले डॉक्टर, दोन-तीन दिवसांत सुधारली. चावी दुसऱ्या घरी ठेवा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. आतून कडी न लावता बाहेरून उघडता येईल असं कुलूप बसवा, नाहीतर दार फोडायची वेळ येते.

काकीच्या फोनमध्ये पहिल्या चार बटणांवर चार नंबर घातलेत, मी, माई, नर्सबाई, १०८, आणि तेच नंबर मोठ्या अक्षरात फ्रीजवर. साधा बटणांचा फोन आहे, गळ्यात दोरीने अडकवलेला, कारण पडलं तर टेबलावरचा फोन काय कामाचा. त्याच फ्रीजवर एका प्लास्टिकच्या पाकिटात डिस्चार्ज पेपरची झेरॉक्स, चालू गोळ्यांची यादी आणि आधारची झेरॉक्स आहे, १०८ वाल्यांनी त्या दिवशी तेच उचललं आणि निघाले.

एवढं झाल्यावर मी रविवारी ग्रामसभेला गेले, बोलायला उभी राहिले आणि विचारलं की आपल्या पंचायतीत एकटी राहणारी ७० वर्षांवरची माणसं किती आहेत याची यादी कोणाकडे आहे का. नव्हती. पंच मंडळींनी विरोध केला नाही, उलट प्रत्येकाने आपापल्या वाड्यावरची दोन-तीन नावं तिथेच सांगितली. ठरलं की यादी करायची, नाव, वय, कोणाचा फोन, कोणती पेन्शन, हयातीचा दाखला कधीचा, चावी कोणाकडे. आमच्या वाड्याची आणि बाजूच्या दोन वाड्यांची झालीय, ती हेल्थ सेंटरमध्ये नर्सबाईंकडे आणि पोस्टमनकडे दिलीय. टिफिनवाल्या ताई त्यात भर घालत असतात, कारण कोणाच्या घरी चूल पेटत नाही हे त्यांना पहिलं कळतं. देवळाच्या पलीकडचे वाडे राहिलेत, तिथे नदीच्या काठाला घरं विखुरलेली आहेत आणि पावसाळ्यात रस्ता बंद होतो म्हणून ते जूनच्या आधी संपवायचंय. कॉलेजची दोन मुलं या शनिवारी माझ्याबरोबर येणार आहेत, माई पण येते म्हणाल्यात, त्या बाजूच्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांना त्याच ओळखतात.